लहान मुलांना गडावर नेताय? आधी हे ठरवा

पाऊस ओसरतो, दिवाळीचे मातीचे किल्ले अंगणात उभे राहतात आणि घरोघरी एकच मागणी सुरू होते: आता खरा किल्ला दाखवा. त्यापाठोपाठ पालकांचे नेहमीचे प्रश्न येतात. कितव्या वर्षापासून न्यावं? पहिला गड कोणता? अर्ध्या वाटेवर 'मला उचलून घे' सुरू झालं तर काय करायचं? ग्रुपबरोबर जावं की आपलं आपण?

या सगळ्यांच्या मुळाशी एक गोष्ट आहे. मोठी माणसं माथा गाठायला निघतात. लहान मुलांना माथ्याचं काही पडलेलं नसतं. त्यांना वाटेतला बेडूक, दगड आणि डबा पुरतो. म्हणून मुलांबरोबरच्या भटकंतीत सगळ्यात महत्त्वाचा निर्णय परतीच्या वेळेचा असतो. मूल दमून रडायला लागण्याआधी तुम्ही उतरायला लागलात, तर पुढच्या रविवारी तेच तुम्हाला उठवेल.

वय किती हवं?

वयाचा आकडा शोधण्यापेक्षा स्वतःला एक प्रश्न विचारा: ही सगळी वाट मला मुलाला उचलून घेऊन उतरता येईल का? पाय मुरगळतो, ताप भरतो, चार वर्षांचं पोर दुपारी बुरुजाच्या सावलीत गाढ झोपतं. उत्तर 'नाही' असेल, तर तो गड अजून तुमच्यासाठी नाही. अंदाज यावा म्हणून ढोबळ टप्पे असे:

- दीड-दोन वर्षांपर्यंत: मूल आधाराशिवाय बसू लागल्यावरच पाठीवरच्या कॅरियरचा विचार करा, तोही रुंद आणि सोप्या वाटेवर. चढताना तुम्हाला घाम फुटतो, पण न हालता बसलेलं मूल सकाळच्या वाऱ्यात गारठतं आणि उन्हात तापतं. त्याचे हातपाय आणि मान वरचेवर हात लावून पाहा.
- दोन ते चार वर्षं: थोडं चालणं, बरंच थांबणं. निम्मी वाट उचलून न्यावी लागणार हे गृहीत धरा. चढ नसलेली जंगलवाट उत्तम.
- पाच ते सात वर्षं: पायऱ्यांचे छोटे गड जमतात. तुम्हाला एक तास लागत असेल, तर दोन तास धरा.
- आठ ते दहा वर्षं: स्वतःची छोटी सॅक, स्वतःचं पाणी. वाट कशी शोधायची, कुठे थांबायचं, यात त्यांचं मत घ्या.

दोन भावंडं असतील तर बेत धाकट्याच्या पायांनी आखा. थोरल्याचा उत्साह जास्त असेल तर वर पोहोचल्यावर त्याला एखादा बुरुज जादा दाखवता येतो.

पहिला गड कसा निवडाल?

चार गोष्टी बघा: रुंद वाट किंवा पायऱ्या, निम्म्यावरून परत फिरण्याची सोय, पायथ्याशी वस्ती आणि वाहन, वाटेत बघण्यासारखं काहीतरी. फोटोत देखणा दिसणारा कडा हा निकष नाही. सुरुवातीसाठी काही जागा:

- माथेरान: मोटारी दस्तुरी नाक्यावर थांबतात, त्यामुळे पुढच्या लाल मातीच्या, झाडांच्या सावलीतल्या वाटा मुलांना मोकळ्या मिळतात. घोडे मात्र सतत ये-जा करतात, आणि सगळ्याच पॉइंटना कठडे नाहीत.
- संजय गांधी राष्ट्रीय उद्यान, बोरिवली: कान्हेरीची लेणी शंभराहून अधिक आहेत, सगळी बघायची नसतात. खडकात कोरलेल्या पायऱ्या आणि पाण्याची टाकी यातच सकाळ जाते. सोमवारी उद्यान बंद असतं.
- लोहगड: मळवली स्टेशनजवळ. वाहन लोहगडवाडीपर्यंत जातं, पुढे पायऱ्या. गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा असे एकामागून एक चार दरवाजे लागत असल्याने मुलांना दर थोड्या वेळाने काहीतरी 'जिंकल्याचा' आनंद मिळतो. विंचूकाटा या चिंचोळ्या सोंडेवर उतरण्याचा टप्पा लहानग्यांसाठी सोडून द्या. तो वरूनच छान दिसतो.
- शिवनेरी, जुन्नर: बांधीव पायऱ्यांची सात दरवाजांची वाट. शाळेत शिवजन्माचा धडा झालेल्या मुलांसाठी याहून चांगला पहिला गड नाही. साखळीच्या वाटेच्या नादी लागू नका.
- कोरीगड: पेठ शहापूरकडून पायऱ्या, वर प्रशस्त पठार, तळी आणि चालत फिरता येईल अशी तटबंदी. तटाच्या कडेने चालताना मुलाचा हात सोडायचा नाही.
- मल्हारगड, सासवडजवळ: सरदार पानशांनी अठराव्या शतकात बांधलेला, मराठेशाहीतला सर्वात शेवटी बांधला गेलेला गड म्हणून ओळखला जातो. आटोपशीर आहे, पण सावली जवळजवळ नाही. सकाळी लवकर जा.
- सिंहगड: वरपर्यंत गाडीरस्ता आहे. आजी-आजोबा गाडीने आणि नातवंडं पायी, असा बेत इथे जमतो. मुलं दमली तर उतरताना गाडीत बसवा. त्यात कमीपणा काही नाही.

हरिहर, कलावंतीण, ढाक बहिरी, अलंग-मदन-कुलंग ही नावं सध्या वहीत लिहून ठेवा. कळसूबाई १६४६ मीटर उंच आहे; वाट लांब आहे आणि शिड्यांवर सुट्टीच्या दिवशी रांगा लागतात. चार-पाच सोपे गड पायाखाली घातल्यावर तिचा विचार करा.

कधी जाल, कधी टाळाल?

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा मुलांसाठी सर्वोत्तम काळ. हवा गार, वाटा कोरड्या, दृश्य स्वच्छ. फेब्रुवारीच्या अखेरीस काळा कातळ तापायला लागतो, गवत वाळून वणव्यांचे दिवस येतात. उन्हाळ्यात जायचंच असेल तर झाडीतली वाट निवडा आणि दहाच्या आत खाली या.

पावसाळ्याचा मोह सर्वांना होतो. पहिल्या पावसातला मखमली लाल मृगाचा किडा दाखवायलाच हवा, पण त्यासाठी गड चढावा लागत नाही. शेताच्या बांधावरही तो भेटतो. जून ते सप्टेंबरमध्ये शेवाळलेल्या पायऱ्या, धुकं, ओढ्यांना अचानक येणारं पाणी आणि गर्दी या चारही गोष्टी मुलांच्या विरोधात असतात. ३० जून २०२४ ला लोणावळ्यात भुशी धरणामागच्या धबधब्यात एका कुटुंबातली माणसं, त्यात लहान मुलंही, वाहून गेली. पाणी वाढायला डोक्यावर पाऊस पडावाच लागत नाही. वरच्या डोंगरात पडलेला पुरतो. धबधब्यात मुलांना उभं करू नका आणि ओलांडताना शंका आली तर ओढा ओलांडू नका. जिल्हाधिकारी काही ठिकाणी पावसाळ्यात बंदी आदेश काढतात, ते निघण्याआधी पाहा.

दिवसाचा आराखडा साधारण असा ठेवा: सातच्या सुमारास पायथा, साडेनऊपर्यंत जिथे पोहोचाल तिथे डबा, साडेदहाला परतीला सुरुवात. ही साडेदहाची वेळ निघतानाच मुलांना सांगून ठेवा. माथा दहा मिनिटांवर असला तरी ती बदलायची नाही.

सॅकमध्ये काय?

- पाणी: लहान मुलं 'तहान लागली' असं वेळेवर सांगत नाहीत. दर पंधरा-वीस मिनिटांनी दोन घोट पाजा. गडावरच्या टाक्यांतलं पाणी पिण्यासाठी धरू नका.
- ओआरएस: पाकिटावर लिहिलेल्या प्रमाणातच पाणी घ्या, एक लिटरचं पाकीट अर्ध्या बाटलीत ओतू नका. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चहाच्या चमच्याने. फळांच्या चवीची गोड पेयं म्हणजे ओआरएस नव्हे.
- खाऊ: गूळ-शेंगदाणे, राजगिऱ्याचा लाडू, खजूर, काकडी, संत्रं, दशमी किंवा धपाटे. दर थांब्याला थोडं. पाच वर्षांखालच्या मुलांना चालता चालता अख्खे दाणे देऊ नका, ठसका लागतो.
- कपडे: पूर्ण बाह्या, पूर्ण पँट, गडद भडक रंगाची टोपी, मोज्यांचा एक जादा जोड आणि एक पूर्ण बदल.
- बूट: घरात आणि मैदानात आठवडाभर वापरलेले, पकड असलेले. नवे कोरे बूट पहिल्यांदा गडावर घातले की फोड ठरलेला. चपला आणि क्रॉक्स नकोत.
- मुलाच्या खिशात: शिट्टी आणि तुमचा फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी.
- इतर: मलमपट्टी, डॉक्टरांनी वजनानुसार लिहून दिलेलं तापाचं औषध, टॉर्च, ओले टिश्यू आणि कचऱ्याची पिशवी. वापरलेले डायपर आणि टिश्यू खाली परत आणायचे आहेत.

मुलाची सॅक असेल तर तीत त्याची बाटली, टोपी आणि खाऊ एवढंच. बाकी ओझं तुमचं.

चालण्यात गंमत कशी आणायची?

'अजून किती?' हा प्रश्न येणारच. 'पोचलोच' असं खोटं सांगू नका. दोनदा फसलेलं मूल तिसऱ्यांदा खाली बसकण मारतं. मिनिटांचा हिशेबही त्याला कळत नाही. दिसणारी खूण सांगा: 'त्या आंब्याखाली लाडू खायचा.' झाड आलं की लाडू द्या आणि पुढची खूण ठरवा.

गडाची रचना हाच एक खेळ आहे, फक्त तो दाखवावा लागतो:

- दरवाजातून आत गेल्यावर बाजूच्या भिंतीतली अडसराची खाच शोधायला सांगा. दार बंद केल्यावर लावायचा लाकडी अडसर एरवी याच लांब भोकात सरकवून ठेवत. हात घालू देऊ नका, विंचू-साप असू शकतो. काठी आत सरकवा आणि किती आत गेली ते वितीने मोजा. काठी जवळजवळ पूर्ण गेली की मुलांचे डोळे विस्फारतात, आणि दार केवढं होतं हे न सांगता समजतं.
- पहारेकऱ्यांच्या देवड्यांत बसून 'कोण आहे तिकडे?' विचारू द्या. तटातल्या जंग्यांमधून, म्हणजे मारा करायच्या भोकांतून, खालची वाट दिसते का, ते पाहू द्या.
- दरवाजाच्या कोरड्या मऊ मातीत नरसाळ्यासारखे छोटे खड्डे दिसतील. तळाशी मुंग्या पकडणारा किडा दडलेला असतो. गवताच्या काडीने काठावरचे दोन कण आत पाडा. तो तळातून माती उडवतो. या खेळाला पंधरा मिनिटं द्या आणि घड्याळ पाहू नका.
- लाजाळू मिटवणं, वेगवेगळ्या आकाराची पाच पानं शोधणं (खाली पडलेलीच), पक्ष्यांचे आवाज मोजणं.

मुलांमधल्या एकाला आळीपाळीने 'वाटाड्या' करा. तो पुढे चालतो, पण प्रत्येक वळणावर थांबतो आणि सगळे आल्याशिवाय हलत नाही. मागे रेंगाळणारं पोर या पदावर आलं की भराभर चालतं. शक्य असेल तर समवयस्क मित्राचं कुटुंब बरोबर घ्या. आईबाबांसमोर दमणारी मुलं मित्रासमोर दमत नाहीत.

रडारड सुरू झाली तर

ओरडण्याआधी क्रमाने तपासा: तहान, भूक, शू, बुटातला खडा किंवा फोड, थंडी किंवा ऊन. बहुतेक वेळा कारण यातच सापडतं. सावलीत दहा मिनिटं बसा, बूट काढा, काहीतरी खायला द्या. त्यानंतरही नको म्हणत असेल तर परत फिरा. 'एवढे पैसे खर्च करून आलो', 'ती बघ तुझ्यापेक्षा लहान आहे' ही वाक्यं घरीच ठेवून या. चिडचिड अचानक थांबून मूल मलूल झालं, डोकं दुखतं म्हणालं, उलटी झाली, तर ऊन लागल्याची शंका घ्या: सावली, ओल्या फडक्याने अंग पुसणं, घोटघोट पाणी आणि थेट डॉक्टर.

चढताना आणि उतरताना

- दरीच्या बाजूला मोठं माणूस, डोंगराच्या बाजूला मूल.
- एक मोठं माणूस सर्वांत पुढे, एक सर्वांत मागे. मुलं मध्ये.
- उतरताना मोठ्याने मुलाच्या एक पायरी खाली राहायचं. घसाऱ्यावर आणि वाळलेल्या गवतावर मुलांनी बसत बसत उतरलं तरी चालेल. पँट धुता येते.
- उतारावर पळायचं नाही, हा नियम पायथ्याशीच ठरवा. दमलेले पाय उतरणीवर दगा देतात.
- तटाचा काठ आणि पाण्याची टाकी इथे मूल हाताच्या अंतरावर हवं. टाक्यांच्या कडा निसरड्या असतात आणि खोली वरून कळत नाही. काठावरचा फोटो काढू नका.
- चुकामूक झाली तर आहे तिथेच थांबायचं आणि तीनदा शिट्टी वाजवायची, हे घरी दोन-चार वेळा खेळून घ्या.

माशी, साप, विंचू: घाबरू नका, एवढं लक्षात ठेवा

- आग्या मोहोळ: अंगाला अत्तर-सेंट नको, धूर नको, आरडाओरड नको, दगड तर नकोच. माश्या उठल्या तर मुलाचं तोंड आणि डोकं कपड्याने झाकून लांब निघून जा. हात झाडू नका. अनेक डंख, सुजलेले ओठ किंवा श्वासाचा त्रास म्हणजे तातडीने रुग्णालय.
- साप चावल्यास: चिरू नका, चोखू नका, घट्ट बांधू नका, मांत्रिकाकडे वेळ घालवू नका. मुलाला चालवू नका. चावलेला भाग न हलवता उचलून न्या. प्रतिविष सरकारी रुग्णालयात मोफत मिळतं.
- विंचू: कोकणातल्या लाल विंचवाचा दंश लहान मुलांच्या जिवावर बेतू शकतो. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून दिल्यामुळे असंख्य जीव वाचले, पण त्यासाठी लवकर पोहोचावं लागतं. दरदरून घाम, उलटी, गार पडलेले हातपाय दिसले तर कांदा-चुना लावत बसू नका.
- खाजकुयली: हिवाळ्यात तपकिरी मखमली शेंगा दिसतात. हात लावू देऊ नका. लागलीच तर चोळू नका. चिकटपट्टीने कुसं काढा आणि कपडे बदला.
- माकडं: खाऊ हातात दाखवत चालू नका आणि त्यांना खायला घालू नका. चावा किंवा ओरखडा झाला तर साबण आणि भरपूर पाण्याने धुवा आणि त्याच दिवशी रेबीजच्या लसीसाठी डॉक्टर गाठा.

मदतीसाठी ११२ आणि रुग्णवाहिकेसाठी १०८. गडावर रेंज असेलच असं नाही, म्हणून कुठे जातो आणि कधी परततो हे घरी आणि पायथ्याच्या गावात सांगून जा. तिथल्या माणसांना वाटेची आजची अवस्था माहीत असते. पिठलं-भाकरीची ऑर्डर द्यायला थांबाल तेव्हा तेही विचारून घ्या.

ग्रुपबरोबर जाताना तुमचे हक्क

पैसे घेऊन ट्रेक नेणाऱ्यांना हे विचारायला संकोचू नका:

- राज्याच्या २०२१ च्या साहसी पर्यटन धोरणानुसार पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी केली आहे का?
- किती मुलांमागे एक प्रमुख? प्रथमोपचाराचं प्रशिक्षण कोणाला आहे?
- मुलाला मध्येच परत यायचं असेल तर बरोबर कोण येईल?
- विमा आहे का? बेत रद्द झाला तर पैसे कसे आणि किती परत? उत्तर लेखी मागा. व्हॉट्सॲपवरचा मजकूरही जपून ठेवा.

'काही झाल्यास आयोजक जबाबदार नाहीत' अशा कागदावर सही केली म्हणून आयोजकाच्या हलगर्जीपणाविरुद्ध दाद मागण्याचा मार्ग बंद होत नाही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली सेवेतल्या त्रुटीबद्दल जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५.

खर्चाचं थोडं

एसटीत पाच ते बारा वर्षांच्या मुलांना अर्धं तिकीट आहे, महिलांना निम्मी सवलत आहे आणि पंचाहत्तरी पार केलेल्या आजी-आजोबांना प्रवास मोफत. केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या तिकीट लागणाऱ्या स्मारकांत पंधरा वर्षांखालच्या मुलांना प्रवेश विनामूल्य असतो. मुलाचं वय दाखवणारा पुरावा जवळ ठेवा. महागडे बूट आणि जॅकेट पहिल्या खेपेला घेऊ नका. मुलांचे पाय वाढतात आणि हौस टिकते की नाही हे दोन-तीन गडांनंतर कळतं.

लोहगड, शिवनेरी आणि रायगडासह बारा किल्ल्यांना जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळालं. तटावर नाव कोरणं हा गुन्हा आहे हे मुलांना पहिल्याच खेपेला सांगा, आणि उतरताना दोघांनी मिळून चार प्लॅस्टिकच्या बाटल्या खाली आणा.

येत्या रविवारसाठी यादीतला सर्वांत सोपा गड निवडा, परतीची वेळ आजच कागदावर लिहा आणि ती पाळा. माथा राहिला तर राहू द्या; गड कुठेही जात नाही.